आई, मुलगा आणि भूतानचे आठ दिवस

नागपूरहून एका ताईंनी विचारलंय: दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्या, त्यांचे यजमान, सतरा वर्षांचा मुलगा आणि बासष्ट वर्षांची आई असे चौघे भूतानला जाणार आहेत. हातात आठ दिवस. मुलाला ‘खरा ट्रेक’ हवाय, त्याने द्रुक पाथचं नाव काढलंय. आई दर वर्षी दीक्षाभूमीला जाणाऱ्या, त्यांना विहारं बघायची आहेत, पण गुडघे कुरकुरतात. एजंटने पाठवलेल्या कार्यक्रमात थिंफू, पुनाखा, फोबजिखा, बुमथांग, ‘हा’ (हे एका खोऱ्याचं नाव) आणि पारो असं सगळं आहे. यातलं काय ठेवावं, काय काढावं?

ताई, गेली चौदा वर्षं मी महाराष्ट्रातून लोकांना भूतानला नेतोय, त्यातली अर्धीअधिक कुटुंबं तुमच्यासारखीच, तीन पिढ्यांची. म्हणून आधी स्पष्ट सांगतो. बुमथांग काढा, ‘हा’ खोरं काढा आणि जड मनाने का होईना, फोबजिखाही काढा. तीन खोरी ठेवा: थिंफू, पुनाखा, पारो. भूतानमध्ये अंतर किलोमीटरवर मोजून चालत नाही, रस्ता वळणावळणाचा असतो. नकाशावर बोटभर दिसणारा टप्पा गाडीत पाच तास खातो. सहा ठिकाणांच्या त्या कार्यक्रमात तुम्ही निम्मे दिवस गाडीच्या काचेतून भूतान बघाल, आणि आईंचे गुडघे चालून नव्हे, बसून आखडतील.

दुसरं असं, की तुम्ही ‘संस्कृती’ आणि ‘ट्रेक’ असे दोन वेगळे रकाने केलेत. तिथे तसे ते नाहीत. भूतानमध्ये मोटाररस्त्यांचं काम १९६० च्या सुमारास सुरू झालं. त्याआधी सगळं पायी आणि खेचरांवर. गोम्पा, म्हणजे मठ, डोंगरात उंचावर, गावं खाली, आणि दोघांना जोडणारी पायवाट. ती वाट अजून वापरात आहे. तांदळाचं पोतं पाठीवर घेऊन निघालेला भिक्खू, माळ फिरवत चढणारी आजी, सुट्टीवरून मठात परतणारी पोरं तुम्हाला वाटेत भेटतात. त्यामुळे निवडताना मी एकच पाहतो: या वाटेच्या टोकाला चालतं-बोलतं विहार आहे का? असेल तर ती वाट घ्यायची.

आता द्रुक पाथ. पारोच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या वरून सुटून थिंफूच्या डोक्यावरच्या फाजोदिंग मठापाशी उतरणारी ही वाट आहे, अंतर सुमारे ५४ किलोमीटर. सरोवरं, याकची कुरणं, जिमिलांग त्सोसारखं सुंदर तळं, सगळं खरं. पण ती नीट करायची तर पाच दिवस लागतात, वरच्या खिंडी ४,२०० मीटरच्या आहेत, आणि नोव्हेंबरात तंबूबाहेर ठेवलेलं पाणी सकाळी गोठलेलं असतं. तुमच्या आठांतले पाच दिवस मुलगा डोंगरावर आणि आई हॉटेलात. ही सहल एका कुटुंबाची राहत नाही. मुलाला सांगा, द्रुक पाथ कुठे पळून जात नाही. कॉलेजात गेला की मित्रांबरोबर जाईल.

त्याऐवजी त्याच्यासाठी बुमद्राचा ट्रेक. एका रात्रीचा मुक्काम, उंची सुमारे ३,८०० मीटर, आणि दुसऱ्या दिवशी थेट तक्त्सांगवर, म्हणजे सगळे ज्याला टायगर्स नेस्ट म्हणतात त्या मठावर, वरून उतरणारी वाट. सगळी गंमत या शेवटच्या भागात आहे, आणि तुमच्या चौघांचा प्रश्न तिथेच सुटतो. मुलगा आणि बाबा वरून उतरतील, तुम्ही आणि आई खालून चढाल, आणि मठापाशी भेटाल. यासाठी गाईड दोन लागतील. एजंटला हे आत्ताच सांगा, ऐनवेळी जमत नाही.

बुमद्राबद्दल एक गोष्ट मनापासून सांगायची आहे, कारण तिथे मी स्वतः चुकलोय. सुरुवातीच्या वर्षांत एका गटाला मी तिसऱ्याच दिवशी वर नेलं. सगळे सह्याद्रीत मुरलेले, चालायला घोडे. त्यातला सगळ्यांत तगडा मुलगा, पूर्ण मॅरेथॉन पळणारा, रात्री नऊला म्हणाला, डोकं दुखतंय, जेवण नको. अकराला उलट्या सुरू झाल्या. मी, गाईड आणि घोडेवाला असे तिघे त्याला विजेरीच्या उजेडात खाली घेऊन आलो. पहाटे पारोत पोचलो तेव्हा त्याचं डोकं जवळजवळ उतरलेलं होतं, सकाळी त्याने स्वतःहून चहा मागितला. उंचीच्या आजारावर खरा इलाज खाली उतरणं हाच, आणि तो आमच्या हातात होता म्हणून निभावलं. फिटनेसचा आणि या आजाराचा संबंध नाही. हे घरातल्या सतरा वर्षांच्या माणसाला दोनदा सांगावं लागतं.

हिशेब बघा. कळसूबाईचा माथा १,६४६ मीटर. पारोच्या खोऱ्यात भातशेतात उभे राहिलात तरी तुम्ही सव्वादोन हजार मीटरवर असता. म्हणजे महाराष्ट्राच्या छपराच्याही सहाशे मीटर वर तुमचं हॉटेल. तिथून एका दिवसात ३,८०० वर झोपायला जाणं ही उडी मोठी आहे, म्हणून ती सहलीच्या शेवटी मारायची. पाच रात्री शरीराला सवय होऊ द्यायची.

तर माझी मांडणी अशी. पहिल्या दिवशी पारोला उतरून गाडीने थिंफू, दीड तास. त्या दिवशी काही करू नका. संध्याकाळी फार तर मेमोरियल छोर्तेनपाशी जाऊन बसा. तिसरे राजे जिग्मे दोर्जी वांगचुक यांच्या स्मरणार्थ १९७४ साली बांधलेला हा पांढरा स्तूप. शहरातली म्हातारी माणसं तिथे सकाळ-संध्याकाळ प्रदक्षिणा घालतात, मोठी मणीचक्रं, म्हणजे मंत्र लिहिलेली चक्रं, फिरवतात, मध्येच बाकावर टेकून डबा उघडतात. आईंना भूतान कळायला ही जागा पुरेशी आहे.

इथे आईंसाठी थोडं सविस्तर लिहितो, कारण विदर्भातून माझ्याबरोबर आलेल्या अनेकांना पहिल्या दिवशी धक्का बसतो. बाबासाहेबांनी १९५६ मध्ये दिलेला धम्म आणि भूतानचा वज्रयान यांचं बाह्यरूप फार वेगळं आहे. तिथल्या लाखांगमध्ये, म्हणजे मंदिरात, बुद्धमूर्तीच्या शेजारी गुरू रिंपोछे असतात, म्हणजे आठव्या शतकातले पद्मसंभव. दाढीवाले शाब्द्रुंग ङावांग नामग्याल असतात, ज्यांनी सतराव्या शतकात हा देश एक केला. भिंतींवर उग्र रक्षक देवता असतात, तेलाऐवजी लोण्याचे दिवे असतात, नैवेद्य म्हणून बिस्किटांचे पुडेसुद्धा ठेवलेले असतात. एका काकूंनी मला बाहेर येऊन विचारलं होतं, ‘यात आपला बुद्ध कुठे आहे?’ प्रश्न रास्त होता. मी त्यांना दारातल्या चक्रावरची अक्षरं दाखवली. ॐ मणि पद्मे हूँ, हा अवलोकितेश्वराचा मंत्र. आणि अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हाती कमळ घेतलेला पद्मपाणि आहे, तोच हा अवलोकितेश्वर. ज्याला आपण वेरूळ-अजिंठ्याच्या सहलीत शाळेपासून बघत आलो त्याचं नाव तिथली आजी दिवसातून हजारदा घेते.

त्याच काकूंची दुसऱ्या दिवशीची गोष्ट. छोर्तेनपाशी बाकावर त्यांच्या शेजारी एक भूतानी आजी बसल्या होत्या. काकू हात जोडून आपलं ‘बुद्धं सरणं गच्छामि’ म्हणत होत्या. गाईडने आजींना जोंगखामधून, म्हणजे तिथल्या भाषेतून, काहीतरी सांगितलं. आजींनी माळ थांबवली, आणि सावकाश म्हणाल्या, ‘सांग्ये ला क्याब सु छी ओ’. बुद्धाला शरण जातो. मग दुसरी ओळ, मग तिसरी. तीच तीन शरणं, वेगळ्या भाषेत. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. आजींनी तेगोच्या, म्हणजे वरच्या जाकिटाच्या, बाहीतून सुपारीची पुडी काढून काकूंच्या हातावर ठेवली. म्हणून गाईड निवडताना त्याचं हिंदी चांगलं आहे का ते विचारा. बहुतेकांचं असतंच, पण आईंना इंग्रजीतून सगळं ऐकावं लागू नये.

दुसरा दिवस चेरीचा. थिंफूच्या उत्तरेला रस्ता संपतो तिथे नदीवर छपराचा लाकडी पूल आहे, आणि पुलापलीकडून तासाभराची चढण. शाब्द्रुंग यांनी हा मठ १६२० साली स्थापला, देशातला पहिला भिक्खूसंघ इथेच बसला. चढ सरळसोट नाही, ओक आणि निळ्या पाइनमधून वळणं घेत जातो. वाटेत गोरल, म्हणजे डोंगरी बकरीसारखा प्राणी, अगदी जवळ चरताना दिसतो. आईंना जमेल तितकं चढू द्या, नाहीतर पुलाशी बसू द्या. तिथे पाण्यावर फिरणारं मणीचक्र आहे, प्रत्येक फेऱ्याला आतली घंटा वाजते.

चेरीच्या वाटेवर, आणि पुढे सगळीकडेच, कातळाच्या खोबणीत तुम्हाला चार बोटं उंचीचे मातीचे छोटे स्तूप रांगेने ठेवलेले दिसतील. काही पांढरे, काही लाल-सोनेरी. यांना त्साछा म्हणतात. दहनानंतर माणसाच्या अस्थींची राख मातीत कालवून बरेचदा हे घडवतात. दिसायला खेळण्यासारखे गोड, त्यामुळे आठवण म्हणून उचलून खिशात टाकणारे पर्यटक मी पाहिलेत. मुलाला आधी सांगून ठेवा. उंच काठ्यांवरचे पांढरे उभे झेंडेही बहुधा मृतांसाठी लावलेले असतात, १०८ च्या संख्येने. स्तूप, मंत्र कोरलेल्या दगडांची मणी-भिंत, झेंड्यांचा ओटा, काहीही असो, उजवीकडे ठेवून डावीकडून पुढे जायचं.

तिसऱ्या दिवशी दोचुला, ३,१०० मीटरची खिंड. तिथले १०८ छोर्तेन डिसेंबर २००३ च्या लष्करी मोहिमेत मृत्यू आलेल्यांच्या स्मरणार्थ आहेत. आसाममधल्या बंडखोरांचे तळ दक्षिण भूतानमधून हटवण्याची ती मोहीम होती, म्हणजे तो इतिहास आपल्याही घराशी जोडलेला आहे. नोव्हेंबरची स्वच्छ सकाळ मिळाली तर उत्तरेला हिमशिखरांची रांग आणि तीत गांखर पुएनसुम दिसतो, ७,५७० मीटर. जगातलं न चढलेलं सर्वांत उंच शिखर म्हणून तो ओळखला जातो, कारण भूतानने १९९४ मध्ये ६,००० मीटरवरच्या शिखरांची चढाई बंद केली आणि २००३ पासून गिर्यारोहणच थांबवलं. शिखरांवर देवतांचा वास आहे ही गावकऱ्यांची श्रद्धा सरकारने मानली. ट्रेक करणाऱ्या मुलाशी याबद्दल जरूर बोला.

दोचुलावरून गाडी आईंना घेऊन पुढे जाऊ द्या आणि तुम्ही तिघं लुमित्सावाकडे उतरणारी जुनी वाट घ्या. पुनाखा-थिंफू पायी जाण्याचा हा पूर्वापार मार्ग, आता हा ट्रान्स भूतान ट्रेलचा भाग आहे. पश्चिमेच्या ‘हा’ खोऱ्यापासून पूर्वेच्या त्राशिगांगपर्यंतची ४०३ किलोमीटरची ही वाट साफ करून २०२२ मध्ये पुन्हा खुली केली. तुमच्या वाट्याला तिचे तीन-चार तास, सगळा उतार. वर हेमलॉक आणि गुरांस (ऱ्होडोडेंड्रॉन), फांद्यांना दाढीसारखं लोंबणारं शेवाळ, खाली येता येता ओक आणि मग शेतं. खालच्या वस्तीत कुणी घरात बोलावलं तर जा. लोण्या-मिठाचा चहा, सुजा, आणि भाजलेले तांदूळ, झाव, समोर येईल. रीत अशी की पहिल्यांदा नको म्हणायचं, तोंडावर हात धरून ‘मेशु मेशु’, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आग्रहाला घ्यायचं. सुजाला चहा समजून प्यायलात तर तोंड वाकडं होईल. सार समजून प्या.

पुनाखा १,२०० मीटरच्या आसपास, उबदार. इथे दोन रात्री. चौथ्या दिवशी सकाळी खामसुम युल्ले नामग्याल छोर्तेन, झुलता पूल ओलांडून भाताच्या खाचरांमधून तासाभराची चढण. नोव्हेंबरात कापणी उरकत आलेली असते, खाचरांत पेंढ्या उभ्या असतात. दुपारी पुनाखा जोंग. फो छू आणि मो छू, नर आणि मादी नद्या, यांच्या संगमावर शाब्द्रुंगनी १६३७-३८ मध्ये बांधलेला हा किल्लामठ १९५५ पर्यंत राजधानीचं ठिकाण होता. १९०७ मध्ये पहिले राजे उग्येन वांगचुक इथेच गादीवर बसले. हिवाळ्यात मुख्य धर्मगुरू, जे खेन्पो, थिंफूहून संघासह इथे राहायला येतात. जोंगच्या दारात गाईड खांद्यावरून पांढरं वस्त्र, काबने, घडी घालून घेईल. ते घेण्याआधी तो थांबतो, बाह्या नीट करतो, बोलणं बंद करतो. तुम्हीही पूर्ण बाह्या, टोपी काढलेली, मंदिरात शिरताना बूट बाहेर. गाभाऱ्यात फोटो नाहीत.

छिमी लाखांग पुनाखाजवळच आहे, शेतातून छोटी चाल आहे, पण गावातल्या भिंतींवर लिंगाची मोठाली चित्रं असतात. द्रुक्पा कुनले या अवलिया साधूशी ती परंपरा जोडलेली आहे, आणि मूल व्हावं म्हणून बायका तिथे श्रद्धेने येतात. आईंना संकोच वाटेल का ते तुम्हीच ठरवा. आधी समजावून नेलं तर बहुतेकांना वाटत नाही.

पाचव्या दिवशी पारो, चार तासांचा रस्ता. संध्याकाळी क्यिचू लाखांग, सातव्या शतकातलं. त्या रात्री जेवताना शांतपणे ठरवा: बाप-लेकाला गेल्या पाच रात्रींत झोप नीट लागली का, दोचुलावर डोकं जड झालं का? उत्तर मनासारखं असेल तर सहाव्या दिवशी सकाळी सांगछोकोरपर्यंत गाडी आणि पुढे चार-पाच तास चढ. नसेल तर बुमद्रा सोडा आणि चौघे मिळून गाडीने चेले ला खिंडीत जा, ३,९८८ मीटर, धारेवर तासभर फिरून परत. हा पर्याय एजंटकडून आधीच लिहून घ्या, म्हणजे पैसे गेले म्हणून कुणी आजारी अंगाने चढणार नाही. मुक्कामावर डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं यातलं काही वाढत गेलं तर सकाळची वाट बघायची नाही. उंचीवरच्या गोळीबद्दल आणि बाबांना रक्तदाबाचं औषध चालू असेल तर त्याबद्दल निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.

सातवा दिवस तक्त्सांगचा. मठ ३,१२० मीटरवर, खोऱ्यापासून सुमारे ९०० मीटर वर कड्याला चिकटलेला. पद्मसंभव वाघिणीवर बसून इथे आले आणि गुहेत ध्यानाला बसले अशी श्रद्धा. आजचं बांधकाम मुळात १६९२ चं. १९ एप्रिल १९९८ ला आगीत मुख्य मंदिर जळालं, आणि २००५ मध्ये जुन्या पद्धतीने पुन्हा उभं राहिलं. तुम्ही आणि आई सकाळी सातच्या आत पायथ्याला असा. अर्ध्या वाटेवरच्या उपाहारगृहापर्यंत घोडे मिळतात, उतरताना मात्र बसू देत नाहीत. माझं मत विचाराल तर आईंनी घोडा टाळावा. वाट निसरडी मातीची, घोडा दरीच्या कडेने चालतो, आणि पडून हात मोडलेले मी पाहिलेत. दोन काठ्या घेऊन, वीस पावलं चालून दहा श्वास थांबत गेल्या तर त्या उपाहारगृहापर्यंत दोन-अडीच तासांत नक्की पोचतील. मठ समोर कड्यावर पूर्ण दिसतो, तिथे थांबल्या तरी काही बिघडत नाही.

पुढचा भाग गुडघ्यांची परीक्षा घेतो: मठ हाताच्या अंतरावर दिसतो आणि वाट पायऱ्यांनी खाली घळीत उतरते, धबधब्याशी पुलावरून पलीकडे, आणि पुन्हा पायऱ्या वर. साधारण सातशेच्या वर पायऱ्या, आणि त्याच परत. आईंनी ठरवलंच तर रेलिंगच्या बाजूने, उतरताना आडव्या पावलाने. दारात फोन, पिशवी, कॅमेरा सगळं जमा करावं लागतं. बुमद्राहून येणाऱ्यांना दोन-तीन तास लागतात, म्हणून अकराच्या सुमारास पुलापाशी भेटायचं असं गाईडांना ठरवू द्या.

व्यवहाराचं थोडक्यात. भारतीयांना दर रात्री माणशी १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क आहे. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना निम्मं, त्यामुळे तुमच्या मुलाला पूर्ण. सात रात्री, चौघे, ३३,६०० रुपये. मठांचे प्रवेशशुल्क वेगळे. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं, आधार चालत नाही. मुलाला पासपोर्ट असेल तर उत्तम, नसेल तर मूळ जन्मदाखला. भूतानचं चलन ङुलट्रम, रुपयाच्या बरोबरीचं. जाताना दिल्लीहून पारोचं विमान घ्या आणि डावीकडची खिडकी मागा. पारोत विमानं दिवसा उजेडीच, डोळ्यांनी डोंगर बघत उतरवतात, हवा बिघडली की थांबतात. म्हणून परतीच्या दिवशी दिल्लीहून नागपूरचं तिकीट त्याच संध्याकाळचं काढू नका.

जेवणाची काळजी नको. एमा दात्शी म्हणजे चीजमध्ये शिजवलेली मिरचीचीच भाजी, मिरची चवीपुरती नाही, तीच भाजी. सावजीची सवय असलेल्यांनाही पहिल्या घासाला पाणी येतं, कारण मसाल्याचा आधार नसतो. आईंसाठी केवा दात्शी मागा, बटाट्याची, आणि लाल भात.

आईंच्या गुडघ्यांसाठी आजपासून रोज जिना उतरायचा सराव सुरू करा, चढायचा नव्हे, उतरायचा. महिनाभराने किती मजले न दुखता उतरता येतात ते मला कळवा, मग तक्त्सांगच्या पुलापलीकडचं ठरवू.